तीन फुटके ब्लॉक आणि एक गूढभेदी

“माझ्या मेंदूला विश्रांती ठाऊकच नाही,” गूढभेदी म्हणाला. “मी झोपतो, तो झोपत नाही. सकाळी उठतो तेव्हा दोन प्रकरणं सुटलेली असतात. फक्त कोणती, ते आठवायचं राहतं.”

समोरच्या खुर्चीतल्या माणसाने घड्याळाकडे पाहिलं.

“लोक मला गुप्तहेर म्हणतात. म्हणोत बिचारे. गुप्तहेर गुन्हेगाराच्या मागे धावतो. मी एका जागी बसतो आणि घाम गुन्हेगाराला फुटतो. माझी नजर, माझं तर्कशास्त्र आणि माझी ही भुवई,” इथे त्याने डावी भुवई वर केली, “या तिघांच्या तावडीतून आजवर कोणी सुटलेलं नाही.”

“मला फक्त चाकात हवा भरायची होती,” माणूस म्हणाला. “खाली गॅरेजात म्हणाले, हवा आता चहानंतर. फारच घाई असेल तर वर विचारा.”

गूढभेदीने भुवई खाली घेतली आणि दाराकडे बोट दाखवलं. दारावर पाटी होती, ‘चिंतन चालू आहे’. बसलेलं चाक आणि उतरलेलं तोंड घेऊन तो माणूस उठला. कोपऱ्यातल्या स्टुलावरून सहायकही उठला, त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेला आणि वाटेत हळूच त्याची माफी मागून आला. तसं पाहिलं तर माफी मागणं हेच त्याचं मुख्य काम होतं. बाकीचं काम चहा आणण्याचं.

हा सहायक पूर्वी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचा. छापखाना बंद पडला आणि तो घरी बसला. त्याचे सासरे खालच्या गॅरेजात हेड मिस्त्री होते. त्यांनी मालकीणबाईंच्या कानावर घातलं, “आमच्या जावयाला कुठं चिकटवता आलं तर बघा.” मालकीणबाईंना सगळे वहिनी म्हणत. त्यांचा धाकटा दीर म्हणजेच हा गूढभेदी, आणि त्याने गॅरेजच्या डोक्यावर नुकतंच आपलं कार्यालय थाटलं होतं. वहिनींनी जावयाला तिथे चिकटवलं. तेव्हापासून खाली सासरा, वर जावई अशी त्या इमारतीची रचना झाली आणि अख्खं गॅरेज त्याला जावईबापू म्हणू लागलं. सासरेही म्हणत. तो त्यांना मामा म्हणे, आणि ते त्याला घरीदारी, उठताबसता, “अहो जावईबापू.” एवढ्या अदबीमागे माया आहे की तुच्छता, हे त्याला लग्नाला इतकी वर्षं होऊनही कळलेलं नव्हतं. त्याने मनाशी तुच्छता धरली होती, कारण स्वतःविषयी त्याचं स्वतःचंही मत काही वेगळं नव्हतं.

त्याचं आणखी एक काम होतं आणि त्याची त्याला मनापासून लाज वाटे. जेवणं झाल्यापासून चहापर्यंत गूढभेदी चिंतन करी. चिंतनाला शांतता लागते. खाली गॅरेजात हवेचा कॉम्प्रेसर होता, आणि तो सुरू झाला की वरच्या खोलीतली खुर्ची चिंतन करणाऱ्यासकट थरथरायची. गूढभेदीने वहिनींकडे इतके दिवस भुणभुण लावली की घरात शांतता राहावी म्हणून त्यांनी गॅरेजात शांतता कबूल केली. रोज दुपारी जावई जिना उतरे, शटरजवळचं लाल बटण दाबून कॉम्प्रेसर बंद करी आणि कोणाच्या नजरेला नजर न देता परत वर जाई. खाली चार मिस्त्री घाम गाळत असायचे, आणि हा एका लोळणाऱ्या माणसाची झोप सांभाळायला आलेला.

प्रकरण चालून आलं तेही खालूनच.

वहिनींचं गॅरेज वर्षानुवर्षं साधी कामं करायचं. ब्रेक, क्लच, ऑइल. मग शहरात गाड्या ‘ट्यून’ करून घ्यायचं वेड आलं. इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा म्हणजे टर्बो. तो कारखान्यातून येतो तेव्हाच पुरेसा जोरात फिरत असतो. तो आणखी जोरात फिरवायचा, इंधन वाढवायचं आणि मग ती सगळी ताकद घेऊन चौकातल्या लाल दिव्यापाशी उभं राहायचं, याला ट्यूनिंग म्हणतात. वहिनींचा हात या कामात बसला होता. लांबून लांबून गाड्या यायला लागल्या होत्या. आणि मग ब्लॉक फुटायला लागले.

ब्लॉक म्हणजे इंजिनाचं धड. ज्या ओतीव लोखंडाच्या पोटात पिस्टन वरखाली करतात, ते. त्यावर हेड नावाचं झाकण बोल्टांनी आवळलेलं असतं. गाडी नवीन बांधून दिली, मालक शिट्ट्या मारत घेऊन गेला, की आठवड्याच्या आत टो करून परत. पाणी ऑइलमध्ये, ऑइल पाण्यात, झाकण उघडावं तर आत दुधाळ चहासारखं काहीतरी. असे तीन ब्लॉक गेले. त्यातले दोन तर एकाच गिऱ्हाइकाचे. त्याच्या गाडीचा टर्बो गल्लीच्या टोकापासून ऐकू येई, म्हणून त्याला सगळे शिट्टीवाला म्हणत.

“दाब वाढवताय, फुटतील नाहीतर काय,” मिस्त्री, म्हणजे जावयाचे सासरे, म्हणत. “ओतणाऱ्यानं जेवढ्यासाठी ओतलाय, तेवढंच सोसणार.”

“काका, तिसऱ्याचा दाब मी कमीच ठेवला होता,” वहिनी म्हणत. “आणि दाबानं फुटायचा तर पिस्टनच्या भिंतीत फुटेल. हे तिन्ही बोल्टाच्या भोकापाशी तडकलेत. वरचं हेड जिथं आवळतो, तिथं.”

मिस्त्रींनी तडकलेल्या भोकावरून अंगठा फिरवला. कोडं कोणालाच सुटेना. आणि जिथे कोणाजवळ उत्तर नसतं तिथे गूढभेदी जिना उतरून येतो.

“वहिनी,” तो म्हणाला, “हा अपघात नाही. हा खून आहे. तिहेरी.”

“भाऊजी, लोखंड आहे ते.”

“तेच गुन्हेगारालाही वाटलं.”

पहिला संशय समोरच्या रस्त्यावरच्या गॅरेजवाल्यावर. हा दाढीवाला वहिनींचा धंद्यातला वैरी. गूढभेदीला शटरजवळच्या ऑइलात चपलेचा ठसा मिळाला. तो जमिनीवर पालथा पडला, त्याने भिंगातून ठसा पाहिला, जावयाकडून त्याची लांबीरुंदी घेतली आणि त्याच मापाची चप्पल शोधायला माणसं धाडली. माणसं म्हणजे जावई. जावई दाढीवाल्याच्या दारात जाऊन उभा राहिला आणि त्याच्या पायांकडे बघत बसला. दाढीवाल्याच्या पायात बूट होते, होडीएवढे. परत येऊन जावयाने ठसा पुन्हा पाहिला, गूढभेदीच्या पायांकडे पाहिलं आणि चाचरत म्हणाला, “साहेब, ठसा आपल्याच चपलेचा आहे.”

गूढभेदीची भुवई वर गेली. “पाहिलंत? केवढा धूर्त माणूस. मला अडकवण्यासाठी त्यानं माझ्यासारखीच चप्पल विकत घेतली.”

“पण त्याचा पाय त्यात मावणार नाही.”

“म्हणूनच तर कोणी संशय घेतला नाही.”

अकलेचे असे तारे तोडून झाल्यावर चार दिवसांनी दुसरा सिद्धांत आला. उंच सुराने काच तडकते. टर्बो शिट्टी मारतो. म्हणजे ब्लॉक शिट्टीने फुटतो. हे सिद्ध करायला जावयाला गॅरेजमागच्या भंगारात एका जुन्या ब्लॉकसमोर उभं केलं आणि दुपारभर शिट्ट्या मारायला लावल्या. ओठ सुजले. ब्लॉक ढिम्म. बाजूच्या इमारतीतल्या एक आजी खिडकीत आल्या आणि या वयाच्या माणसाला हे शोभतं का, असं त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. मिस्त्री आतून हे पाहत होते. त्यांनी काही न बोलता पाण्याचा तांब्या आणून जावयाच्या हाती दिला आणि “घ्या, जावईबापू,” म्हणाले. जावयाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“तुमचा सूर लागला नाही,” गूढभेदीने निष्कर्ष काढला. “सिद्धांत शाबूत आहे.”

मग शिट्टीवाल्याची पाळी आली. त्याची फुटलेली गाडी गॅरेजात होती, म्हणून गूढभेदीने रिक्षात बसून त्याच्या तशाच दुसऱ्या गाडीचा पाठलाग केला आणि अर्थात जावयालाही नेलं. ती भयंकर ताकदीची गाडी घरून निघाली, कोपऱ्यावरच्या वाण्याकडे गेली आणि तिने साबणाची वडी आणली. जाता-येता रस्ता तुंबलेला, गाडी पहिल्या गिअरच्या वर चढली नाही. शेजारून एक सायकल पुढे गेली. तरी शिट्टीवाला काच खाली करून हात बाहेर टाकून असा बसला होता, जणू त्याच्यावाचून वारा वाहायचा थांबेल.

“उलगडलं,” गूढभेदी रिक्षातच म्हणाला. “इंजिनानं अपमानानं प्राण सोडले. आत्महत्या.”

“तिन्ही?” जावयाने विचारलं.

“दुसऱ्याचं बघून तिसऱ्यानं.”

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एका संध्याकाळी शिट्टीवाला वहिनींना म्हणाला, “आता हा चौथाही गेला तर मी गाडी समोर नेणार, आणि सगळ्यांना सांगणार का नेली.” वहिनींचा चेहरा पडला. आणि नेमकं त्याच संध्याकाळी गूढभेदीला मिस्त्रींचं बोलणं आठवलं.

“‘फुटतील नाहीतर काय’ असं कोण म्हणालं? मिस्त्री. ट्यूनिंगचा तिटकारा कोणाला? मिस्त्रींना. तिन्ही ब्लॉकना शेवटचा हात कोणाचा लागला? मिस्त्रींचा. वहिनी, साप तुमच्या घरातच आहे.”

वहिनींनी त्याला गप्प बसवलं. पण संशयाला बसायला पाट लागत नाही, तो उभ्या उभ्या मुक्काम करतो. जावई निघाला तेव्हा त्यांनी त्याला शटरपाशी गाठलं.

“काकांनी मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “पण आता वय झालंय. हात चुकत असेल. उद्याचा ब्लॉक फुटला तर मला त्यांना घरी बसवावं लागेल. माझ्या तोंडानं मी ते कसं सांगू? तुम्ही घरातले आहात. तुम्ही सांगा त्यांना, स्वतःहूनच थांबा म्हणावं.”

जावयाने मान हलवली. ती होकारार्थी होती की नकारार्थी, त्याचं त्यालाही कळलं नाही.

घरी बायकोने ताट वाढलं आणि समोर बसली. गॅरेजातली बातमी तिच्यापर्यंत आधीच पोचलेली होती.

“माझ्या बाबांवर पाळत ठेवता म्हणे.”

“मी नाही. साहेब.”

“साहेबांना पाय तुमचेच आहेत ना चालायला?” ती म्हणाली. “त्या माणसानं सांगितलं म्हणून तुम्ही दगडाला शिट्ट्या मारल्या. उद्या सांगेल, सासऱ्याला बेड्या घाला, तर घालाल.”

“लोखंड होतं. दगड नव्हे.”

“बाबांनी त्या हातांनी मला वाढवलंय. ते हात चुकतात असं त्यांना सांगायला जाणार असाल तर ताट उचला आणि बाहेर खा.”

तो जेवला नाही. अंथरुणावर पडून त्याने एकच विचार केला. मामांना घरी बसवलं तर ते रिकाम्या दुपारी काय करतील? त्यांना दुसरं काहीच येत नव्हतं आणि दुसरं काही यावं असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं. त्यांना हे सांगायचं म्हणजे त्यांचे हात काढून घ्यायचे. आणि हे करायला जगात त्याच्याइतका नालायक माणूस दुसरा नव्हता, कारण त्याला ही नोकरी त्या हातांनीच लावून दिली होती.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. जावई सवयीने खाली गेला, बटण दाबलं, कॉम्प्रेसर हुंदका देऊन थांबला. मिस्त्री तेव्हा चौथ्या ब्लॉकला आंघोळ घालत होते. ही त्यांची जुनी रीत, आणि वेळही ठरलेली, जेवणानंतरची. ब्लॉक कितीही स्वच्छ येवो, स्वतःच्या हातांनी साबणपाण्याने धुतल्याशिवाय ते त्यावर हेड चढवत नसत. धुऊन झालं, त्यांनी धुतलेलं मऊ फडकं घेतलं आणि वरचा पृष्ठभाग पुसायला लागले, हलक्या हाताने, कोपऱ्यान्‌कोपरा.

“मामा,” जावई म्हणाला.

“बोला, जावईबापू.”

“काही नाही,” म्हणून तो वळला, तर समोर जिन्यावरून गूढभेदी उतरत होता. त्याने कोट घातला होता. उन्हाळ्यात.

त्याने सगळ्यांना बोलावून ठेवलं होतं. वहिनी हात बांधून खांबाला टेकल्या होत्या. शिट्टीवाला स्वतःच्या गाडीच्या बॉनेटवर बसला होता. दाढीवालाही आला होता, कारण त्याला चहा मिळेल असं सांगितलं होतं.

“या खोलीत एक खुनी आहे,” गूढभेदीने सुरुवात केली.

“गॅरेज आहे हे,” दाढीवाला म्हणाला. “आणि चहा?”

“चहा शेवटी. पहिला प्रश्न. टर्बोच्या गाडीचाच ब्लॉक का फुटतो? साध्या गाडीचा का नाही?” त्याने मागे हात बांधून येरझारा घातल्या. ऑइलच्या डब्याला अडखळला, सावरला. “कारण खुन्याला साध्या गाड्यांशी वैर नाही. त्याला वैर आहे वेगाशी. प्रगतीशी. असा कोण आहे इथे, जो म्हणाला की घरीच जायचंय त्या गाडीला एवढी घाई कशाला?”

“मी म्हणालो,” मिस्त्री म्हणाले. हातातलं फडकं थांबलं नाही.

“कबुली,” गूढभेदी ओरडला.

“भाऊजी, पुरे,” वहिनी म्हणाल्या. पण त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, आणि मिस्त्रींनी तो ऐकला. त्यांनी मान वर करून वहिनींकडे पाहिलं. मग जावयाकडे. जावयाने नजर चुकवली, आणि त्यांना सगळं समजलं. हळूहळू त्यांनी फडक्याची घडी घातली.

दाढीवाला चहाशिवायच्या भाषणाला कंटाळला होता. तो फिरत फिरत ब्लॉकपाशी आला. बाजूला मांडलेले बोल्ट बघितले, एक उचलून बोटाने मोजला. “लांब घातलेत,” म्हणाला. “आणि जाड.”

“दाब वाढवला की हेड उचललं जातं,” वहिनी म्हणाल्या. “म्हणून ट्यूनिंगच्या गाड्यांना हेच घालतो. जास्त आवळता येतात.”

“हं.” त्याने करंगळी एका बोल्टाच्या भोकात घातली. ती ओली निघाली. त्याने ती नाकाशी नेली, पँटला पुसली. “पाणी आहे.”

“पुसलंय मी,” मिस्त्री म्हणाले.

“वरून पुसलंय, काका. खाली आहे. हे भोक आरपार नाही, तळ बंद आहे.” त्याने बाजूला पडलेल्या एका चिंधीचा पीळ करून आत सोडला, फिरवला आणि वर काढला. टोकातून पाणी ठिबकलं.

“मग?” शिट्टीवाल्याने विचारलं. “पाण्यानं काय होतंय? पाणी तर मऊ.”

“बाटली काठोकाठ भर आणि तिच्यात घट्ट बूच ठोक,” दाढीवाला म्हणाला. “काय होईल?”

“फुटेल.”

“का? पाणी मऊ ना?” तो वैतागून म्हणाला. “दाबलं तर पाणी बसत नाही. त्याला जायला वाट पाहिजे. साध्या गाडीचा बोल्ट आखूड, खाली जागा राहते, पाणी पडून राहिलं तरी बिघडत नाही. हे लांब बोल्ट पार तळाशी जातात. वर पाना लावून तुम्ही जीव खाऊन आवळता. पाणी दबत नाही, वर येता येत नाही. मग लोखंड तडकतं. केसाएवढं. दिसत नाही. गाडी बाहेर पडते, इंजिन तापतं, टर्बो दाबतो, आणि ती केसाएवढी चीर उघडते. मी माझ्या पहिल्याच वर्षी एक असा फोडलाय. आठवडाभर जेवलो नव्हतो.”

“पण काका अशीच आंघोळ घालत आलेत,” वहिनी म्हणाल्या. “आधी कधी नाही फुटला.”

“आधी फुंकत असतील. हवेची नळी घालून भोक फुंकलं की झालं. कॉम्प्रेसर आहे ना तुमच्याकडे?”

“आहे.”

“बिघडलाय?”

“नाही.”

“मग बंद का?”

वहिनींनी खांब सोडला. त्या सावकाश म्हणाल्या, “दुपारी बंद असतो. भाऊजी चिंतन करतात.”

दाढीवाल्याने गूढभेदीकडे नीट पाहिलं. आधी कोट, मग चप्पल, मग भुवई. “कसलं चिंतन?”

“ब्लॉक का फुटतात, त्याचं,” जावई म्हणाला.

शिट्टीवाला बॉनेटवरून घसरला. तो हसत होता की रडत होता ते कळायला मार्ग नव्हता, दोन ब्लॉक त्याचे होते.

कोणीही माणूस अशा वेळी तोंड लपवून जिना चढला असता. गूढभेदीने कोटाची बटणं नीट केली. “मी म्हणालो तेच निघालं,” तो म्हणाला. “गुन्हेगार याच इमारतीतला. हात मिस्त्रींचे. फक्त हेतूबद्दल थोडी दुरुस्ती.”

“बरोबर आहे,” मिस्त्री म्हणाले.

सगळ्यांनी वळून पाहिलं. त्यांनी घडी घातलेलं फडकं ब्लॉकवर ठेवलं होतं आणि ते स्वतःच्या तळव्यांकडे बघत होते.

“हात माझेच,” ते म्हणाले. “तिन्ही माझ्या हातांनी फुटले. आवळताना एकदा बारीकसा आवाज आला होता. मला वाटलं, पान्याचा. वहिनी, तुम्हाला काही सांगायला लागू नये. मी थांबतो.”

“काका, थांबा तुम्ही,” वहिनींचा आवाज चढला. “म्हणजे, थांबू नका. बंद ठेवायला मी हो म्हणाले होते, तुम्ही नाही. पण एक सांगा. ते बटण तुमच्या समोर आहे. पाच मिनिटं चालू करून फुंकलं असतं, कोण काय म्हणणार होतं? भाऊजींना मी बघितलं असतं. तुम्ही एकदाही का नाही चालू केलं?”

मिस्त्रींनी ब्लॉकवरची फडक्याची घडी सरळ केली. मग त्यांनी सांगून टाकलं, पण वहिनींकडे न बघता.

“जावयानं येऊन बंद केलेलं बटण, चार माणसांत सासऱ्यानं कसं चालू करायचं?”

जावयाला आधी ते समजलंच नाही. मग रोजची दुपार त्याच्यासमोर उभी राहिली. तो खाली यायचा तेव्हा मिस्त्रींच्या हातात पुष्कळदा हवेची नळी असायची. तो बटण दाबायचा. ते नळी खुंटीला अडकवायचे, त्याला “या, जावईबापू” म्हणायचे आणि फडकं हातात घ्यायचे. त्याला वाटायचं, हे आपल्याला हसतायत. बाकीच्या मिस्त्रींनी त्याला हसू नये म्हणून तो माणूस आपलं काम अर्धवट सोडत होता. ट्यूनिंगवाल्यांना नावं ठेवणारा, कोणाच्या बापाला न भिणारा हा म्हातारा, एका शिट्ट्या मारणाऱ्या जावयाचा मान राहावा म्हणून रोज दुपारी गप्प बसला होता. तीन ब्लॉक त्यापायी गेले. आणि तो जावई आज त्याला घरी बसा म्हणून सांगायला आला होता. जावयाला स्वतःचा एवढा राग आला आणि मामांची एवढी माया आली की यातलं आधी कोणतं, हेच त्याला कळेना.

“सहायक,” गूढभेदी म्हणाला, “प्रकरण मिटलं. वर चला. माझं चिंतन अर्धं राहिलंय.”

“उद्यापासून चिंतन घरी, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या. “आणि आज पण.”

जावई वर गेला नाही. तो शटरपाशी गेला, त्याने बटण दाबलं आणि कॉम्प्रेसर गडगडायला लागला. त्याने खुंटीवरची नळी ओढून आणली, ब्लॉकपाशी आला, ओणवा झाला आणि पहिल्या भोकात नळी खुपसून खटका दाबला. भोकातलं पाणी जेवढं होतं तेवढं सगळं त्याच्या डोळ्यांत, नाकात आणि उघड्या तोंडात गेलं. मागे उभ्या असलेल्या गूढभेदीच्या कोटावरही बरंच उडालं.

“अरे गाढवा, आधी भोकावर फडकं धर,” मिस्त्री कडाडले. “डोळे फुटतील ना. माझ्या पोरीला काय सांगू?”

कॉम्प्रेसरवरही ऐकू गेलं इतक्या जोरात. वहिनींनी ऐकलं, दाढीवाल्याने ऐकलं, पलीकडच्या खड्ड्यात गाडीखाली झोपलेल्या दोघा मिस्त्रींनी डोकी बाहेर काढली. लग्नानंतर पहिल्यांदाच, आणि तेही चार माणसांत, सासऱ्याने जावयाला अरे म्हटलं होतं. मिस्त्रींनाही ते बोलून गेल्यावर कळलं. ते क्षणभर गोरेमोरे झाले.

जावयाने बाहीने तोंड पुसलं. “फडकं कसं धरायचं, मामा?” त्याने विचारलं.

मिस्त्रींनी घडी मोडली, त्याचा हात धरून फडक्यासकट भोकावर ठेवला आणि नळीचं तोंड तिरकं केलं. “असं,” ते म्हणाले. “आता दाब. आणि हलू नकोस, अजून नऊ राहिलीत.”